स्वयंपाकघरातील श्रद्धापाठ : पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी, २०२५

१८ जानेवारी

म्हापसा आणि आसपासच्या गावांत मराठी वाचणारी जी ख्रिस्ती कुटुंबे आहेत, त्यांच्या धर्मशिक्षण वर्गासाठी एक छोटी पुस्तिका तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले. यांपैकी बरीच कुटुंबे सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या बाजूने येऊन येथे स्थिरावलेली आहेत; काही पेडणे आणि डिचोली तालुक्यांतली असून त्यांची मुले मराठी प्राथमिक शाळांत शिकली. घरात मालवणी किंवा कोकणी बोलायची, चर्चमध्ये रोमी लिपीतल्या पुस्तकातून कोकणी गायची आणि निवांत बसून वाचायचे झाले तर मराठी वाचायचे, अशी त्यांची रीत आहे. मिस्सातल्या प्रार्थना त्यांना तोंडपाठ असतात, पण शुभवर्तमानातला एखादा दाखला घरी मुलांना समजावून सांगायचा म्हटला की गाडी अडते, असे पालक वारंवार सांगत होते. जेथे घरातली माणसे रोज एकत्र येतात तेथूनच सुरुवात करावी, असे फादरांनी सुचवले आणि विषय स्वयंपाकाचा ठरला.

कामाची वाटणी सरळ आहे. लिखाण माझ्याकडे, रांधण्याचे काम वर्गातल्या दोन मावशींकडे, आणि मजकूर सिद्धान्ताच्या दृष्टीने तपासण्याचे काम फादरांकडे. थोरल्या मावशींनी उभी हयात लग्नाकार्यांच्या आणि फेस्तांच्या जेवणावळी सांभाळण्यात घालवली असल्यामुळे पदार्थाबाबत त्यांचा शब्द अखेरचा मानायचा, हेही ठरले.

एक नियम सुरुवातीलाच लिहून ठेवतो. पदार्थ शिजताना प्रत्यक्ष जे घडते त्यातून वचनाचा अर्थ उलगडला पाहिजे. पदार्थ बाजूला काढूनही पाठ जसाच्या तसा सांगता येत असेल, तर तो गाळावा. या प्रकारच्या लिखाणात आधी बोधवाक्य ठरवून मग त्याला एखादी भाजी चिकटवण्याची सवय फार असते, आणि मुलांना ती लगेच कळते.

नियमाचा पहिला बळी आजच पडला. नारळाचे तीन डोळे दाखवून पवित्र त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, शिकवावे, अशी एका पालकांची सूचना होती. थोरल्या मावशींनी नारळ सोलून समोर धरला आणि विचारले, "ह्यातला एकच डोळा मऊ असतो, कोंब तिथूनच येतो. उरलेले दोन बंद. मग तुमच्या त्रैक्यात बंद कोण?" फादर हसत म्हणाले की अशा मतांबद्दल जुन्या धर्मसभांनी माणसांना बहिष्कृत केले आहे.

१ मार्च

आजपासून कार्निव्हल सुरू झाला आणि येत्या बुधवारी, ५ तारखेला, राखेचा बुधवार आहे. म्हणून उपवासकाळाचा पाठ आधी हाती घेतला. नियमांचा भाग दोन वाक्यांत उरकला: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे उपवासाचे दिवस असून वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ६०वे वर्ष लागेपर्यंत उपवास बंधनकारक असतो, आणि मांसवर्जन १४ वर्षे पूर्ण झाल्यापासून पाळायचे असते. वर्गातल्या लहान मुलांना यांपैकी काहीच लागू होत नाही, हे ऐकून त्यांचे चेहरे खुलले.

पदार्थ म्हणून उकड्या तांदळाची पेज आणि तोंडी लावायला मिठाच्या पाण्यात मुरवलेली तोरे (कोवळ्या कैऱ्या), म्हणजे चेपणी, असे ठरले होते. मसुद्यात मी यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायाचा आधार घेतला होता: साधे खावे, वाचलेले भुकेल्याला द्यावे. थोरल्या मावशींनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "पेजेला उपास कसे म्हणायचे हो? आमच्याकडे सकाळी अकराला हीच पेज असायची, आणि ती मिळाली म्हणजे दिवस बरा गेला असे वाटायचे." वर्गात बंगलेवाल्यांची मुले आहेत तशी रोजंदारीवर जाणाऱ्यांचीही आहेत, एकाचे रोजचे अन्न दुसऱ्याला त्याग म्हणून वाढणे कितपत योग्य, हा प्रश्न त्यामुळे समोर आला.

तोड पेजेनेच दाखवली. पेज थोडा वेळ ठेवली की शिते तळाशी बसतात आणि वर निवळ येते. वाढणाऱ्याने वरवर पळी बुडवली तर पहिल्या वाडग्यांत पाणी जाते आणि शिते मागच्यांच्या वाट्याला येतात. सगळ्यांना सारखी पेज मिळायची असेल तर प्रत्येक वेळी पळी तळापर्यंत नेऊन ढवळावे लागते. दहा वर्षांच्या एका मुलाला वाढायला सांगितले तेव्हा त्याने नेमके हेच केले, म्हणजे वरून वाढले, आणि पुढे बसलेल्यांनी आपापल्या वाडग्यात डोकावून आरडाओरडा केला. करिंथ येथील मंडळीत हाच प्रकार चालला होता. प्रभुभोजनासाठी जमलेले लोक आपापले जेवण आधीच उरकून घेत. कोणी भुकेला राही, तर कोणी पिऊन तर्र होई. पौलाने त्यांना त्याबद्दल स्पष्ट शब्दांत खडसावले आहे आणि जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, असा साधा नियम घालून दिला आहे (१ करिंथ ११). पाठ आता त्या अध्यायावर उभा आहे. यशया तळटीपेत गेला.

२२ मार्च

मिठाच्या पाठासाठी मुलांना पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरांत नेले. चापोरा नदीतून भरतीचे पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आत घेतात, ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडत उन्हात आटवतात आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मिठाचे खडे धरू लागले की फळीने ओढून बांधावर ढीग घालतात. पाऊस सुरू होण्याआधी हे सारे आटोपावे लागते. हंगामाच्या आरंभी वाफ्याचा तळ चिखल तुडवून घट्ट केलेला असतो, हे आगरातल्या माणसांकडून कळल्यावर एका मुलीने आपणहून विचारले की मत्तयाच्या ५व्या अध्यायात खारटपणा गेलेले मीठ माणसांच्या पायांखाली तुडवले जाते असे येते, ते असेच का. तुलना अचूक नाही, पण प्रश्न उत्तम आहे. मसुद्यात तो प्रश्न म्हणूनच ठेवला.

या वचनात एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. शुद्ध मीठ खारटपणा गमावत नाही. ते विरघळते किंवा उरते, अळणी होत नाही. मग येशू कोणत्या मिठाविषयी बोलत होता? मृत समुद्राच्या परिसरातले मीठ जिप्सम, माती आणि इतर क्षारांसह मिसळलेले असे. त्याला ओल लागली की खरे मीठ आधी विरघळून निघून जाते आणि दिसायला मिठासारखाच, पण चव नसलेला गाळ उरतो. आमचे आगरातले खडे मीठही थोडी माती घेऊनच येते, त्यामुळे प्रयोग घरच्या घरी करता येतो. पातळ फडक्यात मूठभर खडे मीठ बांधले, त्यावर भांड्याने पाणी ओतत राहिलो, आणि शेवटी फडके उघडल्यावर आत करड्या रंगाचा, बोटांना कचकचीत लागणारा चमचाभर गाळ उरला होता. मुलांनी जिभेला लावून पाहिला. चव काहीच नव्हती. या पाठात यापुढे भाष्य नको, असे फादरांनी समासात लिहिले आणि मी माझे दोन परिच्छेद काढून टाकले.

मोठ्यांच्या विभागात मात्र एक गोष्ट घालावी, असा माझा आग्रह आहे. गोव्यात मीठ आणि श्रद्धा यांचा संबंध केवळ दाखल्यापुरता राहिलेला नाही. येथे १५६० साली आलेल्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायासनाने, १७३६ सालच्या हुकूमनाम्यात नवख्रिस्ती घरांतल्या ज्या रीतींवर बंदी घातली, त्यांत मीठ न घालता भात शिजवणे आणि मग चवीप्रमाणे वरून मीठ घेणे, ही रीतही होती, कारण हिंदू तसे करतात. भातात मीठ कधी घातले यावरून माणसाची श्रद्धा जोखली गेली, ती याच भूमीत. न्यायासन १८१२ साली कायमचे बंद झाले, तरी मिठाविषयीचा पाठ गोव्यात लिहायचा आणि हे वगळायचे, हे मला प्रामाणिक वाटत नाही. धाकट्या मावशींना ते पुस्तिकेत नको होते. त्यांच्या मते मुले घरी वाचताना नको ते प्रश्न विचारतील. फादरांनी दोन दिवस मागून घेतले आणि ते ठेवायला होकार दिला, मात्र मुलांच्या पानावर नाही.

१२ एप्रिल

उद्या झावळ्यांचा रविवार आणि गुरुवारी १७ तारखेला प्रभुभोजनाचा स्मरणविधी, म्हणून खमिराचा पाठ या आठवड्यात पुरा करणे भाग होते. हा पाठ सर्वांत मोठा होईल असे दिसते.

गोव्यात पाव परंपरेने माडाच्या सुरेने, म्हणजे माडीने, फुगवला जाई. रेंदेर सकाळी माडावरून उतरवतो ती सूर हवेतल्या यीस्टमुळे आपोआप आंबत असते. आता बहुतेक भट्ट्यांत विकतचे यीस्ट वापरतात. सुरेची चव अजून कळते ती सान्नांत, म्हणजे तांदळाच्या इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थात, तीही सूर मिळाली तर. मावशींनी सान्नांचे पीठ दोन काचेच्या बरण्यांत घातले, एकात सूर आणि दुसऱ्यात साधे पाणी, आणि दोन्ही बरण्यांना पिठाच्या पातळीवर रबर लावून ठेवले. थोड्या वेळाने पाहिले तर काही नव्हते. मुले कंटाळून अंगणात खेळायला गेली. ती परतली तेव्हा सुरेच्या बरणीतले पीठ रबराच्या बरेच वर चढले होते, काचेला आतून बुडबुडे चिकटले होते आणि झाकण काढताच आंबूस-गोड वास सभागृहभर पसरला. फुगताना मात्र कोणी पाहिले नाही. दाखल्यातली स्त्री खमीर पिठात लपवते असे येशू म्हणतो (मत्तय १३:३३), त्याला यापेक्षा वेगळा खुलासा लागला नाही.

दाखल्यातले माप मात्र समजावून सांगावे लागते. तीन मापे पीठ म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ३९ लिटर, वजनात वीस किलोंच्या पुढे. थोरल्या मावशी लगेच म्हणाल्या की हे घरचे रांधप नव्हे, ही फेस्ताची तयारी आहे. शंभर पाने तरी उठतील. उत्पत्तीच्या १८व्या अध्यायात अब्राहामाच्या दारी तीन पाहुणे येतात तेव्हा तो सारेला नेमके एवढेच पीठ मळायला सांगतो. स्वर्गाच्या राज्याच्या या दाखल्यात पाहुण्यांची गर्दी आधीपासून गृहीत धरलेली आहे, ही गोष्ट माप लक्षात घेतल्याशिवाय दिसत नाही.

पण खमिराला दुसरी बाजू आहे. परूश्यांच्या खमिरापासून सावध राहा, असे येशू शिष्यांना बजावतो. थोडेसे खमीर सगळा गोळा फुगवते असे पौल म्हणतो, तेही इशारा म्हणून, आणि वल्हांडणाच्या सणात तर इस्राएल लोकांना खमीर घराबाहेर काढायचे होते. एकच वस्तू स्वर्गाच्या राज्यासारखी आणि ढोंगासारखीही कशी, असे एका मुलाने विचारले. त्यावर मावशींनी सुरेचे पीठ दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच ठेवले. सकाळी ते खाली बसले होते आणि त्याचा वास नाकात झोंबत होता. खमिराची काम करण्याची रीत दोन्ही दिवशी सारखीच होती, गुपचूप आणि सगळ्या पिठात. फरक कशाला किती काळ वाव दिला यात होता. मुलांना हे पटले. मलाही पटले, आणि परूश्यांविषयी मी लिहिलेला लांबलचक खुलासा अर्ध्यावर आला.

वल्हांडणावरून पुढचा प्रश्न अटळ होता: आम्ही भात खाणारे, मग वेदीवर गव्हाचीच भाकर का, आणि तीही न फुगलेली का? फादरांनी उत्तर लिहून दिले. धर्मविधिसंहितेच्या ९२४व्या कलमानुसार भाकर केवळ गव्हाची आणि ताजी, तर द्राक्षारस नैसर्गिक द्राक्षांचाच असावा लागतो. लॅटिन परंपरेत ती भाकर बेखमीर असते. तांदळाचे सान्न कितीही मऊ झाले तरी तेथे चालत नाही. ज्यांना ग्लुटेन सोसत नाही त्यांच्यासाठी अल्प ग्लुटेनची भाकर मान्य आहे, ग्लुटेन पूर्णपणे काढलेली नाही, असे रोमने २००३ साली स्पष्ट केले आणि २०१७ साली पुन्हा सांगितले. वर्गातल्या एका मुलीला हा त्रास असल्याने ही माहिती चौकटीत ठळक छापायची आहे.

४ मे

आज पुनरुत्थानकाळाचा तिसरा रविवार, आणि यंदाच्या वाचनक्रमात योहानाचा २१वा अध्याय होता. १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी लागेल, त्याआधी बांगडा मुबलक आहे, म्हणून पाठ मिस्सानंतर लगेच सभागृहामागे केला. मातीच्या शेगडीत कोळसे पेटवले, बांगड्यांना फक्त चिरा देऊन मीठ-हळद चोळली आणि ते जाळीवर ठेवले. कातडी फुगून काळी पडू लागली, चरबी निखाऱ्यांवर ठिबकून चर्र वाजू लागली आणि धूर नेमका ज्याच्या त्याच्या तोंडावर जाऊ लागला.

या अध्यायातली एक बारीक गोष्ट फादरांनी दाखवली आणि पाठ तिच्यावरच उभारला. नव्या करारात कोळशांचा विस्तव दोनच ठिकाणी येतो. एकदा महायाजकाच्या अंगणात, जेथे थंडीत शेकत उभा असलेला पेत्र येशूला ओळखत नसल्याचे तीनदा सांगतो (योहान १८), आणि दुसऱ्यांदा तिबिर्य समुद्राच्या काठी, जेथे येशू त्याला तीनदा विचारतो की तू माझ्यावर प्रेम करतोस का. पेत्र ओला होऊन काठावर पोहोचतो तेव्हा त्याच्या नाकात पहिला वास जातो तो त्याच कोळशांचा. वासाने आठवण उसळते हे कोळशावर मासे भाजणाऱ्या गोंयकाराला सांगावे लागत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या केसांना आणि कपड्यांना तो वास होता. येशू त्या आठवणीपासून पेत्राला दूर नेत नाही. तिच्याजवळच बसवून त्याला न्याहारी वाढतो.

आणखी एक नोंद. शिष्य काठावर येतात तेव्हा विस्तवावर मासा आधीच असतो, तरीही येशू म्हणतो की तुम्ही आता धरलेल्यांपैकी काही आणा. थोरल्या मावशींना हे वाक्य सर्वांत आवडले. जेवणावळीत मदतीला आलेल्या पोरांना त्या हेच सांगत आल्या आहेत: जेवण तयार आहे, पण तुमचे ताट तुम्ही आणा.

७ जून

पावसाने जोर धरला आहे. घरोघरी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून झाले: सुके बांगडे, सुंगटे, सुक्या मिरच्या, आमसुले, चिंचेचे गोळे, लोणच्याच्या बरण्या. निर्गमच्या १६व्या अध्यायातला मान्ना शिकवायला ही वेळ चांगली, असे मला वाटले होते, कारण मान्ना उद्यासाठी ठेवला की त्यात किडे पडत. धाकट्या मावशींनी विचारले, "म्हणजे पुरुमेंत भरणे पाप?" प्रश्न रास्त आहे. नीतिसूत्रांत मुंगीची बेगमी वाखाणली आहे, योसेफाने मिसर देशात सात वर्षे धान्य साठवले ते देवाच्या सांगण्यावरून, आणि मान्नासुद्धा शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायचा होता. उलट लूकच्या १२व्या अध्यायातला धनवान कोठारे वाढवतो तेव्हा त्याला मूर्ख म्हटले आहे. त्याच्या बोलण्यात माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव एवढेच येते, दुसरा माणूस एकही येत नाही. पाठात दोन्ही बाजू मांडल्या आणि निकाल दिला नाही. सोबतचा उपक्रम एवढाच: पावसाळ्यात पुरुमेंतातली पहिली बरणी उघडताना ती कोणासाठी उघडली, हे वहीत लिहायचे.

२० जुलै

आज सामान्यकाळातला १६वा रविवार. शुभवर्तमान लूकच्या १०व्या अध्यायातले, मार्था आणि मरिया. स्वयंपाकावर बेतलेल्या पुस्तिकेला हा उतारा टाळता येत नाही, आणि रांधणाऱ्या बायकांना तो मनातून फारसा आवडत नाही. चर्चेत ते मोकळेपणाने बाहेर आले. रविवारी मिस्साला वेळेवर यायचे म्हणून पहाटे शाकुतीचे वाटण करणारी, पुन्हा घरी जाऊन सगळ्यांना वाढणारी बाई हे वाचन ऐकते आणि शेवटी उत्तम वाटा मरियेने निवडला असे ऐकून घरी परतते. एक जण म्हणाली, "येशू जेवला असेलच ना? मग ते रांधले कोणी?" थोरल्या मावशींनी माझ्याकडे पाहून सहज जोडले की पाठ लिहिणारे तुम्ही आणि भांडी मात्र आमच्याकडे. त्या दिवशीची भांडी मी आणि फादरांनी घासली. हा काही उपाय नव्हे, पण चर्चा तेथून पुढे सरकली.

फादरांनी तीन गोष्टी समोर ठेवल्या. लूकने हा प्रसंग दयाळू शोमरोन्याच्या दाखल्याला लागून ठेवला आहे, आणि त्या दाखल्याचा शेवट जा आणि तूही तसेच कर असा होतो. म्हणजे सेवेला कमी लेखण्याचा प्रश्न नाही. येशू मार्थेला रांधते म्हणून बोलत नाही, पुष्कळ गोष्टींविषयी चिंता आणि दगदग करते म्हणून बोलतो. आणि योहानाच्या १२व्या अध्यायात बेथानीतल्या जेवणाच्या वेळी मार्था पुन्हा वाढतच असते. तेथे तिला कोणी काही म्हणत नाही. त्याआधीच्या अध्यायात तूच ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस अशी स्पष्ट कबुली देणारी स्त्रीही तीच आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली २९ जुलैचा सण एकट्या मार्थेचा न ठेवता मार्था, मरिया आणि लाजर अशा तिघांचा केला, हेही त्यांनी सांगितले. आविलाची संत तेरेसा (१५१५–१५८२) आपल्या भगिनींना सांगत असे की प्रभू भांड्याकुंड्यांमध्येही वावरतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठातल्या स्वयंपाकघरात राबणारे ब्रदर लॉरेन्स कढईतले धिरडे उलटतानाही देवाच्या सान्निध्यात राहत. ही उदाहरणे चांगली आहेत, पण त्यांनी बायकांचे काम कमी होत नाही, असे माझे मत मी मसुद्यात ठेवले आहे. म्हणून या पाठातला उपक्रम मुलगे आणि बाप यांच्यासाठी आहे: एका रविवारची शाकुती, वाटणासकट, त्यांनी करायची. पाठाखाली पाककृती पूर्ण दिली आहे, म्हणजे मसाला किती भाजायचा हे विचारायला कोणी आईला हाक मारू नये.

१६ ऑगस्ट

गेल्या रविवारी, १० तारखेला, संत लॉरेन्सचा सण झाला. परंपरेनुसार जाळीवर भाजून हुतात्मा झालेला हा संत आचाऱ्यांचा कैवारी मानला जातो, आणि आगशीचे चर्च त्याच्याच नावाचे आहे. चोरिसांसाठी (मसालेदार सॉसेजसाठी) प्रसिद्ध असलेल्या गावाला हा कैवारी शोभतो. पाठ होण्याइतके त्यात काही नाही.

काल मरियेच्या स्वर्गउन्नयनाचा सण होता. घरोघरी पातोळ्या झाल्या. हळदीच्या पानावर तांदळाचे पीठ पातळ पसरायचे, मधे गूळ-खोबऱ्याचे चून घालायचे, पान दुमडायचे आणि वाफवायचे. खाताना पान सोलून टाकतात, पण त्याचा वास पातोळीत उतरलेला असतो. यावर एक मसुदा आला होता: मरिया म्हणजे पान, येशू म्हणजे आतला गोडवा. ऐकायला सुरेख वाटतो, आणि सिद्धान्ताच्या दृष्टीने उलटा आहे. पान शेवटी उकिरड्यावर जाते; १९५० साली पोप बारावे पायस यांनी घोषित केलेला सिद्धान्त तर असा आहे की मरिया शरीर आणि आत्म्यासह स्वर्गात घेतली गेली. मसुदा गाळला.

त्याऐवजी सणाच्या दिवशीचे शुभवर्तमान घेतले: मरिया लगबगीने डोंगराळ प्रदेशात अलिशिबेच्या घरी जाते. यंदा २९ जुलैला नागपंचमी होती, तेव्हा शेजारच्या हिंदू घरांतून आमच्याकडे पातोळ्या आल्या होत्या. काल आमच्या गेल्या. दोन्हींची कृती एकच आहे, हळदीची पाने तर एकाच परसातली. मिठाच्या पाठात ज्या हुकूमनाम्याचा उल्लेख आहे, त्याला न जुमानता ही देवाणघेवाण टिकली. मुलांनी डबे पोहोचवताना अलिशिबेचा प्रसंग आठवावा, एवढाच पाठ आहे. नव्या कणसांचा विधी राय गावच्या चर्चमध्ये ५ तारखेला होऊन गेला. प्रथमपिकाच्या अर्पणाचा तो पाठ लेवीयच्या २३व्या अध्यायावर लिहून ठेवला असून त्यात विशेष अडचण आली नाही.

११ ऑक्टोबर

बिबिंकावरून वाद झाला. नारळाचा रस, अंड्यांतले पिवळे, साखर, मैदा आणि तूप यांचे मिश्रण; एक थर वरून दिलेल्या आचेने भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही. त्यामुळे सहनशीलतेचा पाठ सुचणारच, आणि तो प्रत्येकाला सुचला. माझी हरकत अशी की बिबिंक काढून तेथे गोधडी किंवा कौले शाकारणे घातले तरी पाठ तसाच राहतो. वचनात न दिसणारे असे काही त्या थरांतून दिसत नाही. शिवाय झाकणावर निखारे ठेवण्याचे काम मुलांना देता येत नाही. बहुमत माझ्या विरोधात होते, परंतु नियम आठवून पाठ गाळण्यात आला. बिबिंक मात्र चर्चा संपेपर्यंत संपले.

२२ नोव्हेंबर

मजकूर अक्षरजुळणीला देण्याच्या टप्प्यावर आहे. सोमवारपासून संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होईल आणि ३ डिसेंबरच्या फेस्तापर्यंत कोणालाही सवड नाही, म्हणून आज उरलेली कामे निकालात काढली. पाठांचा क्रम चर्चच्या वर्षाप्रमाणे न लावता चुलीच्या सोयीने लावला: आधी आच न लागणारे, मग वाफेवरचे, शेवटी कोळशावरचे. मीठ त्यामुळे पहिल्या पानावर आले.

व्हिनेगरचा पाठ या खेपेस बाहेर राहिला. रेशाद मसाल्यासाठी घातलेल्या माडाच्या सुरेच्या व्हिनेगरवरून क्रुसावरच्या येशूला स्पंजाने दिलेल्या आंबेकडे, म्हणजे आंबट द्राक्षारसाकडे, जायचे होते. पण शुभवर्तमानांत दोन पेये आहेत. बोळ (कडू सुगंधी डिंक) मिसळलेला द्राक्षारस मार्कच्या वृत्तान्तात येशू आरंभीच नाकारतो. आंब मात्र योहानाच्या वृत्तान्तात मला तहान लागली आहे असे म्हणून स्वीकारतो. रोमी शिपाई आंबेत पाणी घालून ती रोज पीत, तेव्हा ती देणे ही क्रूर थट्टा होती की शिपायाने आपल्यातला घोट पुढे केला, यावर फादर आणि मी अजून एकमत झालेलो नाही. स्तोत्र ६९ पहिल्या अर्थाकडे झुकते. मला दुसराही शक्य वाटतो. मावशींचे म्हणणे असे की आधी घरचे व्हिनेगर पाण्यात घालून सगळ्यांनी पिऊन पाहावे आणि मग वाद घालावा. त्यासाठी सूर जानेवारीत मागवायची असून रेंदेराला आगाऊ सांगून ठेवण्याचे काम धाकट्या मावशींनी घेतले आहे.